गोळीचा अंगरखा

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या धंतोलींतल्या घरीं सकाळचें वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत चार घरें फिरून येतें. गेल्या महिन्यांत तें परत करावयास शेजारचा सातवींतला मुलगा आला, तो एका बातमीवर बोट ठेवूनच. चकमकीच्या जागीं सांपडलेल्या गोळ्यांचें वर्णन तींत होतें आणि त्यांतल्या 'जॅकेट' या शब्दानें त्याला अडविलें होतें. "आजोबा, गोळीला जॅकेट कशाला? तिला का थंडी वाजते?" असें त्यानें विचारलें. मी हंसलों. पण त्याचा दुसरा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "बाबा म्हणतात, जॅकेट घातलेली गोळी अंगांतून सरळ आरपार जाते, म्हणून ती कमी वाईट. हें खरें का?"

मीं उभा जन्म पदार्थविज्ञान शिकविण्यांत घालविला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मला तेथल्या तेथें देतां आलें. दुसऱ्याचें उत्तर देण्यास मात्र मीं त्याच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. कारण तें अर्धें पदार्थविज्ञानाचें असलें तरी उरलेलें अर्धें इतिहासाचें आणि कायद्याचें आहे. त्या दोन दिवसांत जुळविलेला विचार आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

आमच्या घरापासून सीताबर्डीची टेकडी पायीं जाण्याइतकी जवळ आहे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत आप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची लढाई या टेकडीवर झाली, हें नागपुरांतल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. त्या वेळीं शिपायांच्या बंदुकींतून ज्या गोळ्या सुटल्या, त्या शिशाच्या, वाटोळ्या आणि उघड्या अंगाच्या. भोसल्यांच्या पदरच्या अरबांची तोड्याची बंदूक घ्या किंवा कंपनीच्या शिपायाची चकमकीची बंदूक घ्या, गोळीचें स्वरूप एकच. अंगरखा कोणाच्याच गोळीला नव्हता आणि त्याची कोणाला गरजही भासली नव्हती.

शिसेंच कां, याचें उत्तर सोपें आहे. शिसें जड आहे. तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या सुमारें सव्वाअकरा पट त्याचें वजन भरतें. जड वस्तु हवेंतून जातांना आपला वेग सहजासहजीं सोडीत नाहीं. दुसरें म्हणजे शिसें अवघ्या ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. तांबें वितळविण्यास १०८५ अंश उष्णता लागते. त्यासाठीं भाता आणि भट्टी हवी. शिसें मात्र छावणींतल्या चुलीवर पळींत वितळवून सांच्यांत ओततां येतें. शिपाई आपल्या गोळ्या आपणच पाडीत असे. स्वस्त, जड आणि ओतण्यास सोपें, अशा या धातूनें सुमारें चारशें वर्षें बंदुकीवर राज्य केलें.

परंतु या वाटोळ्या गोळीचा नेम फारसा भरंवशाचा नव्हता. नळी आंतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यांत सैल बसे. त्यामुळें ती नळीच्या भिंतींवर आपटत, वेडीवांकडी फिरत बाहेर पडे. शेंदीडशें पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरणें म्हणजे बरेंचसें दैवावर हवाला ठेवणें होतें. यावरचा उपाय कारागिरांना पूर्वींपासून माहीत होता. नळीच्या आंतल्या अंगाला मळसूत्राप्रमाणें वळत जाणाऱ्या खांचा पाडल्या आणि गोळी त्या खांचांना घट्ट धरून पुढें गेली, तर ती स्वतःभोंवतीं गरगर फिरत बाहेर पडते. भोंवरा फिरत असतो तोंवर आपल्या आरेवर उभा राहतो, गति मंदावली कीं लडबडतो. लांबट गोळीचेंही तसेंच आहे. ती फिरत राहिली तरच तिचें टोंक पुढें राहतें. अशा खांचांच्या बंदुकीला आपण रायफल म्हणतों.

येथूनच गोळीच्या अंगरख्याची गोष्ट सुरू होते. खांचांना धरावयाचें तर गोळी नळीला घट्ट घांसली पाहिजे. आणि मऊ शिसें घांसलें गेलें कीं त्याचा लेप नळीला बसतो. दारूची काजळी त्या लेपावर चढते. कांहीं फैरींनंतर खांचा भरून येतात, नेम बिघडतो आणि तोंडाकडून भरावयाच्या बंदुकींत पुढची गोळी आंत ढकलणेंही जड जातें. तेव्हां शिसें आणि पोलाद यांच्या मध्यें कांहींतरी घालणें भाग होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनीं काय घातलें, तें आपणां सर्वांना माहीत आहे. त्यांनीं चरबी घातली.

१८५७ सालीं एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांनीं जो वणवा पेटविला, त्याच्या मुळाशीं यंत्रशास्त्राचा हा एवढासा प्रश्न होता. काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूनें वंगण लावलेलें असे. तो कागद दांतानें तोडून दारू नळींत ओतावयाची आणि वंगण लागलेल्या कागदासकट गोळी आंत सारावयाची, अशी रीत होती. वंगण गाईचें व डुकराचें आहे, या बोलवेनें काय झालें तें सांगावयास नको. मात्र एक तपशील लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ही बोलवा जेथें प्रथम उमटली तें ठिकाण म्हणजे कलकत्त्याजवळचें दमदम. जानेवारी १८५७ मध्यें तेथें एका खलाशानें एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यांतलें पाणी मागितलें. शिपायानें तें नाकारलें, तेव्हां तुमची जात काडतूस तोडतांना कोठें राहील, असें त्या खलाशानें त्याला सुनावलें, अशी हकीकत त्या वेळच्या सरकारी कागदांत नमूद आहे. दमदमचें हें नांव आपल्याला पुढें पुन्हां भेटणार आहे.

चरबीनंतर कागद आला. १८७० नंतर इंग्रजी फौजेंत रूढ झालेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी बारा भाग शिसें व एक भाग कथील मिसळून थोडी कठीण केलेली असे आणि तिच्या कमरेला पातळ कागदाची पट्टी गुंडाळलेली असे. तिचें वजन सुमारें ३१ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारें ४०० मीटर. कथील मिसळलेलें शिसें आणि त्यावरचा कागद यांचें एवढ्या वेगापर्यंत कसेंबसें निभावून गेलें.

मग १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय् या रसायनशास्त्रज्ञानें निर्धूर दारू सिद्ध केली. सोरा, गंधक व कोळसा यांच्या काळ्या दारूच्या जागीं नायट्रिक आम्लानें संस्कारिलेल्या कापसाची दारू आली. धूर जवळजवळ नाहींसा झाला आणि जोर कितीतरी वाढला. गोळीचा वेग सेकंदाला ६०० मीटरांवर जाऊं लागला. पण त्या वेगाला नुसतें शिसें उपयोगी पडेना. नळींतल्या खांचा म्हणतात, वळ. मागचा वायु म्हणतो, सरळ चल. कठीण धातु असेल तर ती खांचांचें ऐकते. शिसें इतकें मऊ, कीं त्याची खांचांनीं धरलेली साल सोलून निघते आणि गोळी न फिरतां घसरत पुढें जाते. नळीला शिशाचा थर बसतो तो वेगळाच. थोडक्यांत सांगावयाचें तर दारू पुढें गेली आणि गोळी मागें राहिली.

याचा तोडगा स्वित्झर्लंडमध्यें अगोदरच निघाला होता. थून येथील लष्करी अधिकारी एदुआर्द रुबिन यानें १८८२ सालीं लहान व्यासाच्या, तांब्याचा अंगरखा घातलेल्या शिशाच्या गोळीची कल्पना अंमलांत आणली. फ्रेंचांनीं १८८६ सालीं आठ मिलिमीटर व्यासाची लेबेल रायफल काढली, तिच्यांत निर्धूर दारू आणि अंगरख्याची गोळी या दोहोंचा संयोग झाला. दोन वर्षांनीं इंग्रजांनीं लहान व्यासाची ली-मेटफर्ड रायफल घेतली. थोड्याच वर्षांत मोठ्या राष्ट्रांची सारी सैन्यें या वाटेला लागलीं.

आतां हा अंगरखा करतो काय, तें पाहूं. माझ्या श्रोत्यांपैकीं बऱ्याच जणी स्वयंपाकघरांत या वेळीं कांहींतरी करीत असतील, म्हणून तेथलेंच उदाहरण घेतों. उकडीचा मोदक मनांत आणा. सारण गोड खरें, पण त्याला स्वतःचा आकार धरतां येत नाहीं; आकार देते ती पारी. गोळींतलें शिसें हें सारण आहे आणि तांब्याचा अंगरखा ही पारी. वजन शिशानें द्यावयाचें आणि नळीशीं झगडा तांब्यानें करावयाचा, अशी ही कामाची वांटणी आहे. फरक इतकाच, कीं मोदकाची पारी वरच्या टोंकाशीं मिटतात. सैनिकी गोळीचें टोंक अखंड ठेवून तिची पारी खालीं बुडाशीं मुडपतात.

या पारीची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरपासून पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. गोळीचा व्यास नळीच्या खांचांमधल्या उंचवट्यांपेक्षां किंचित् जास्त ठेवतात; त्यामुळें उंचवटे अंगरख्यावर रुततात आणि गोळीला फिरवितात. आपल्याकडे पोलिसांच्या हातीं पुष्कळ वर्षें असलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची सातव्या नमुन्याची गोळी घ्या. तिचें वजन ११.३ ग्रॅम आणि नळींतून सुटतांना वेग सेकंदाला सुमारें ७४४ मीटर. नळीच्या खांचा दर दहा इंचांत एक फेरा घेतात. हिशेब केला तर ही गोळी सेकंदाला सुमारें २,९०० फेरे घेत बाहेर पडते. घरांतला छताचा पंखा पूर्ण जोरानें फिरतो तेव्हां मिनिटाला तीनचारशें फेरे घेतो. त्यावरून या वेगाची कल्पना यावी. एवढें फिरविण्याचा सारा ताण अंगरख्याच्या त्या पातळ कातड्यावर पडतो. शिवाय मागून सुमारें तीन हजार वातावरणांचा दाब असतो. शिशाला एकट्याला हें झेपलें नसतें.

तर मग सबंध गोळीच तांब्याची कां करूं नये? करतां येते आणि हल्लीं तशा कांहीं होतातही. परंतु तांबें शिशापेक्षां हलकें, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि तांबें महाग. पोलादाची केली तर ती नळीचे उंचवटेच घांसून टाकील. अंगरखा नळीपेक्षां मऊ आणि शिशापेक्षां कठीण असा मधला हवा. आमच्या शेजारचा भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध. तेथल्या कारागिराला हा मधला मार्ग समजावून सांगावा लागणार नाहीं. तांब्यांत सुमारें तिसरा हिस्सा जस्त घातलें कीं भांड्याचें पितळ होतें. तेंच शंभरांत पांच ते दहा भाग घातलें कीं तांबूस, चिवट व ओढण्यास सोपी अशी मिश्रधातु होते. गोळीचा अंगरखा बहुधा तिचाच असतो. आरंभीं यासाठीं तांबें व निकेल यांचें चंदेरी मिश्रण वापरीत. पण वेग वाढला तशीं त्याचीं ढेंकळें नळीला चिकटूं लागलीं आणि तीं काढतांना शिपाई हैराण होत. पहिल्या महायुद्धानंतर तें हळूहळू मागें पडलें.

अंगरखा घडविण्याची कृति तांबटाच्या कामाचीच यांत्रिक बहीण आहे. पत्र्यांतून वाटोळी चकती कापावयाची, दट्ट्यानें तिची वाटी करावयाची, मग एकाहून एक अरुंद सांच्यांतून दाबून त्या वाटीची लांब नळकांडी करावयाची. तांबें ठोकलें किंवा ओढलें कीं ताठर होतें, हें तांबटाला ठाऊक असतें. म्हणून मधून मधून तापवून तें पुन्हां मऊ करावें लागतें. शेवटीं टोंकाला आकार देऊन, शिशाच्या तारेचा तुकडा आंत दाबून बसवून, बुडाची कड आंत वळवावयाची. महाराष्ट्रांत हें काम जुनें आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. भुसावळजवळच्या वरणगांवचा कारखाना स्वातंत्र्यानंतर, १९६० नंतरच्या दशकांत, लहान बंदुकांच्या काडतुसांसाठींच उभारला गेला.

येथवर मुलाच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. अंगरखा गोळीसाठीं आणि नळीसाठीं आहे. जखमी होणाऱ्या माणसाचा विचार तो निघाला तेव्हां कोणाच्या मनांत प्रामुख्यानें नव्हता. माणसाचा विचार झाला तो मागाहून, आणि प्रथम उलट्या दिशेनें.

अंगरख्याच्या गोळीला लहान व्यास, मोठा वेग आणि न चेपणारें टोंक. ती मांसल भागांतून पुष्कळदां लहानसें भोंक पाडून निघून जाई. शस्त्रवैद्यांना हें बरें वाटलें. सेनापतींना वाटलें नाहीं. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत वायव्य सरहद्दीवरचे पठाण गोळी लागूनही पुढें येत राहतात, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार झाली. त्यावर दमदमच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनीं एक साधी गोष्ट केली. गोळीच्या टोंकावरचा अंगरखा थोडा आंखूड करून शिसें उघडें ठेवलें. अशी गोळी शरीरांत शिरली कीं तिचें मऊ टोंक कमळासारखें उमलतें, व्यास वाढतो आणि जखम भयंकर होते. पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली त्या १८९७ च्या सुमाराची ही गोष्ट. तिराहच्या मोहिमेंत ती वापरली गेली आणि कारखान्याच्या गांवावरून 'दमदम' हें तिचें नांव जगाच्या भाषांत शिरलें. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या गांवीं गोळीच्या वंगणावरून असंतोषाची पहिली ठिणगी पडली, त्याच गांवीं गोळीचा अंगरखा कापला गेला.

युरोपांत यावर गहजब झाला. ट्यूबिंगेनचे जर्मन शस्त्रवैद्य ब्रुन्स यांनीं प्रयोग करून अशा गोळ्यांच्या जखमांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांनीं वापरलेल्या गोळ्या शिकारीच्या आहेत, त्यांचें शिसें आमच्या गोळीपेक्षां पुष्कळ अधिक उघडें आहे, असा इंग्रजांनीं प्रतिवाद केला. आणि तेवढ्यापुरता तो खरा होता. पण १८९९ च्या हेगच्या परिषदेंत इंग्रज प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं जो युक्तिवाद केला, तो आपण हिंदी लोकांनीं विसरूं नये. त्याचा मथितार्थ असा: सुधारलेला सैनिक जखमी झाला कीं थांबतो आणि उपचारासाठीं मागें जातो, रानटी माणूस मात्र जखमी होऊनही धांवून येतो, म्हणून त्याच्यासाठीं निराळी गोळी हवी. आपला देश राखण्यासाठीं जखमी अंगानें पुढें येणाऱ्या माणसाला युरोपांत शूर म्हटलें असतें. सरहद्दीवर त्याला रानटी म्हटलें गेलें आणि त्याच्यासाठीं गोळीचा अंगरखा उतरविला गेला.

परिषदेनें हा युक्तिवाद मानला नाहीं. ब्रिटन व अमेरिका यांचा विरोध असतांही २९ जुलै १८९९ रोजीं जाहीरनामा झाला. शरीरांत सहज फुगणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरूं नयेत असें त्यांत ठरलें, आणि उदाहरण दिलें तें अंगरख्याचेंच: ज्या गोळीचें कठीण आवरण आंतल्या गाभ्याला पूर्ण झांकीत नाहीं किंवा ज्या आवरणाला चिरा पाडलेल्या आहेत, ती गोळी निषिद्ध. नळीच्या सोयीसाठीं निघालेल्या वस्तूचें माप असें कायद्यानें घेतलें. ब्रिटननें या जाहीरनाम्याला मान्यता दिली ती १९०७ सालीं.

तरी या जाहीरनाम्याला एक मोठें भोंक होतें. तो सही करणाऱ्या राष्ट्रांना आपसांतल्या युद्धापुरताच बांधीत असे. सरहद्दीवरच्या टोळ्यांनीं किंवा आफ्रिकेंतल्या लोकांनीं कोठें सही केली होती? ज्यांच्यावर दमदम गोळी प्रथम चालली, त्यांनाच त्या दयेंतून वगळलें होतें. पुढें शंभर वर्षांत हा नियम रूढीनें रुंदावत गेला. १९९८ च्या रोमच्या करारांत आंतरराष्ट्रीय युद्धांत अशा गोळ्यांचा वापर हा युद्धगुन्हा ठरला, आणि २०१० सालीं कंपाला येथें देशांतर्गत सशस्त्र संघर्षांनाही तें लागू करण्याची दुरुस्ती स्वीकारली गेली. भारत मात्र रोमच्या कराराचा सदस्य नाहीं.

आतां त्या मुलाच्या बाबांचें म्हणणें तपासूं. अंगरख्याची गोळी कमी वाईट का? फुगणाऱ्या गोळीशीं तुलना केली तर बहुधा होय. पण अंगरखा अंगावर असला म्हणजे गोळी सौम्य झाली, असें मुळींच नाहीं. मघांच्या सातव्या नमुन्याच्या गोळीचेंच पाहा. ती १९१० सालची, म्हणजे ब्रिटननें जाहीरनामा मानल्यानंतरची. तिचा अंगरखा टोंकापासून अखंड आहे. कायद्याच्या अक्षराला कोठेंही बाध नाहीं. परंतु आंतल्या टोंकाशीं शिशाऐवजीं ॲल्युमिनियमचा हलका तुकडा घातलेला असे. त्यामुळें भार मागें गेला. अशी गोळी हवेंत सरळ जाते, पण शरीरांत शिरली कीं तिचा तोल सुटतो, ती आडवी होते आणि आडव्या अंगानें जातांना मोठी जखम करते. कांहीं आधुनिक, लहान व वेगवान गोळ्या तर जवळून लागल्यास आडव्या होतांना अंगरख्यासकट फुटतात आणि तुकडे चहूंकडे पसरतात. हाड लागलें तर सारेच अंदाज चुकतात.

उलट बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अंगरख्याची गोळी आरपार जाते, याचा अर्थ ती पलीकडेही जाते. बाजारांत, गाडींत, गल्लींत पोलिसानें गुन्हेगारावर झाडलेली गोळी त्याच्यामागें उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागूं शकते. म्हणून कित्येक देशांचे पोलीस फुगणारी, आंतल्या आंत थांबणारी गोळी मुद्दाम वापरतात. हेगचा जाहीरनामा युद्धापुरता असल्यानें त्यांना तो आड येत नाहीं. रणांगणावर जी क्रूर ठरली तीच रस्त्यावर पलीकडच्या माणसाला वांचविणारी, असा हा विचित्र प्रकार आहे. दोन्हीं बाजूंचीं कारणें खरीं आहेत, आणि म्हणूनच 'चांगली गोळी' व 'वाईट गोळी' असे दोन कप्पे करून मोकळें होतां येत नाहीं.

आमची धंतोली म्हणजे दवाखान्यांची वसाहत. तेथल्या एका शस्त्रवैद्य स्नेह्यांशीं मीं या विषयावर बोललों. त्यांनीं तीन गोष्टी सांगितल्या. त्या घरोघर माहीत असाव्या. पहिली ही, कीं तापलेली गोळी जंतुरहित असते ही समजूत चुकीची आहे. गोळी नळींत क्षणभरही राहत नाहीं, तेवढ्यांत तिच्यावरचे जंतु मरत नाहींत; शिवाय ती कपड्यांचे धागे आंत ओढून नेते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन लष्करी शस्त्रवैद्य ला गार्ड यांनीं प्रयोगांनीं हें दाखवून दिलें.

दुसरी गोष्ट, गोळी प्रत्येक वेळीं काढलीच पाहिजे असें नाहीं. सिनेमांत डॉक्टर चिमट्यानें गोळी काढून ताटलींत टाकतो आणि रोगी बरा होतो. प्रत्यक्षांत स्नायूंत स्वस्थ बसलेली गोळी काढण्यासाठीं केलेली चिरफाड कधीं कधीं गोळीहून अधिक इजा करते. मात्र ती सांध्यांत असेल तर सांध्यांतल्या द्रवांत शिसें हळूहळू विरघळतें आणि वर्षांनंतरही शिशाची विषबाधा होऊं शकते. अंगरखा शाबूत असला तर हा धोका कमी. फाटला असला तर तो शिशाला झांकूं शकत नाहीं.

तिसरी गोष्ट आजच्या काळची. कांहीं गोळ्यांचा अंगरखा वरून तांबूस दिसला तरी आंतून लोखंडाचा असतो. त्याला तांब्याचा केवळ मुलामा दिलेला असतो. एके-४७ बंदुकीच्या गोळ्या पुष्कळदां अशा असतात. असा तुकडा ज्याच्या अंगांत राहिला आहे, त्याची एम.आर.आय. तपासणी करावयाची असेल तर तेथला प्रचंड चुंबक त्याला हलवूं शकतो. म्हणून घरांतल्या एखाद्या वृद्ध सैनिकाच्या किंवा पोलिसाच्या अंगांत जुनी गोळी वा तुकडा असेल, तर तें तपासणीपूर्वीं डॉक्टरांना न विसरतां सांगावें. डॉक्टरसाहेब म्हणाले, पुष्कळदां माणूस स्वतःच तें विसरून गेलेला असतो.

ठरलेल्या दिवशीं तो मुलगा आला तेव्हां मीं त्याला म्हटलें, "बाळ, तुझ्या बाबांचें म्हणणें अर्धें खरें आहे. गोळीचा अंगरखा नळी खराब होऊं नये आणि गोळी नीट फिरावी म्हणून आहे. तो अंगावर अखंड ठेवावा, असें पुढें माणसांनीं एकमेकांना वचन दिलें. अंगरख्यांत दया असेल तर ती त्या वचनापुरती; तांब्यांत ती नाहीं."

त्यावर त्यानें विचारलें, "आणि वचन मोडलें तर?"

वचन मोडणाऱ्यावर खटला भरण्याची सोय आतां कांहीं ठिकाणीं झाली आहे, असें मीं त्याला सांगितलें. पण ज्यांनीं वचन मागितलें नव्हतें आणि ज्यांना तें कोणीं दिलेंही नव्हतें, अशा सरहद्दीवरच्या माणसांची गोष्टही मीं त्याला सांगितली. ती ऐकून तो कांहीं वेळ गप्प बसला. मग वर्तमानपत्र काखेंत मारून पुढच्या घरीं गेला.

वर्तमानपत्रांत 'जॅकेट' हा शब्द आपल्याही डोळ्यांखालून पुन्हां जाईल. तो वाचतांना, हें आवरण कोणाच्या सोयीसाठीं आहे आणि कोणाला त्याचा आधार मिळाला नाहीं, एवढे दोन प्रश्न आपण मनाशीं विचारले, तर माझ्या छोट्या शेजाऱ्याचे दोन दिवस आणि आपली ही पंधरावीस मिनिटें वायां गेलीं नाहींत, असें मी समजेन.